सणाचे बेकिंग: घराची रीत कशी बसवावी आणि कशी टिकवावी

सणाच्या आधी घरी बिस्किटे आणि केक भाजावेत, सगळ्यांनी मिळून डबे भरावेत आणि ते जवळच्या माणसांकडे पोचवावेत, असे पुष्कळ कुटुंबांना मनापासून वाटते. पहिल्या वर्षी ते हौसेने होतेही. पुढे मात्र सगळे काम हळूहळू एकाच व्यक्तीवर येऊन पडते, ती थकते आणि एखाद्या वर्षी तयार डबे विकत आणून वेळ निभावली जाते. पदार्थ बिघडल्यामुळे घरची रीत मोडल्याचे क्वचितच दिसते. काम, वेळापत्रक आणि पाककृती या तिन्ही गोष्टी एकाच डोक्यात साठवून ठेवल्या जातात, म्हणून ती मोडते. त्यामुळे या लेखात पाककृतींइतकाच भर त्या पाककृती कागदावर कशा आणाव्यात, काम कसे वाटावे आणि कोणाला काय द्यावे, यांवर दिला आहे.

थोडेच पदार्थ ठरवावेत

पहिला निर्णय यादीचा असतो आणि तेथेच बहुतेकांचा हात सैल सुटतो. सात-आठ पदार्थ ठरवले की प्रत्येकासाठी वेगळे साहित्य, वेगळे तापमान आणि वेगळा ट्रे लागतो. शेवटच्या दोन दिवसांत स्वयंपाकघरात कोणाला कोणाशी शांतपणे बोलता येत नाही. माझ्या मते तीन पदार्थ पुरेसे असतात. त्यांपैकी एक कायमचा असावा, म्हणजे कोणत्याही वर्षी न चुकणारा आणि ज्याच्यावरून घर ओळखले जाईल असा. दुसरा टिकाऊ असावा, जो आठवडे आधी करून ठेवता येईल. तिसरा दरवर्षी बदलता ठेवावा आणि त्याची निवड घरातल्या एकेकाकडे पाळीपाळीने द्यावी. मुलांना या निवडीचे फार अप्रूप असते आणि नवा पदार्थ फसला तरी डबे रिकामे राहत नाहीत.

कायमचा पदार्थ निवडताना तो किती देखणा दिसतो यापेक्षा तो किती जणांच्या हातून होऊ शकतो, हे पाहावे. जो पदार्थ फक्त एकाच व्यक्तीला साधतो, तो त्या व्यक्तीबरोबरच थांबतो.

अंदाजाची पाककृती वजनात उतरवून घ्यावी

आजी, आत्या किंवा वडील वर्षानुवर्षे एखादा केक करत असतील, तर त्यांच्या पाककृतीत ‘मावेल तेवढा मैदा’, ‘थोडे दूध’ आणि ‘रंग येईपर्यंत’ असे शब्द हमखास असतात. ते शब्द खोटे नसतात, पण दुसऱ्याच्या हाताला ते उपयोगी पडत नाहीत. त्यांना मोजून करायला सांगितले तर हात अडखळतो आणि पदार्थही नेहमीसारखा होत नाही. त्याऐवजी एक साधी युक्ती करावी. मैदा, साखर, बटर आणि दूध यांची भांडी काम सुरू होण्यापूर्वी डिजिटल वजनकाट्यावर ठेवून त्यांची वजने लिहून घ्यावीत. मग त्यांना नेहमीच्या सवयीने करू द्यावे आणि काम संपल्यावर तीच भांडी पुन्हा तोलावीत. दोन वजनांमधला फरक म्हणजे प्रत्यक्षात वापरलेले प्रमाण. भांडे तोलायचे असल्यामुळे मध्येच टाकलेली जास्तीची मूठही आपोआप हिशेबात येते.

वजनाचा एवढा आग्रह धरण्याला कारण आहे. एकच कप मैदा हलक्या हाताने चमच्याने भरला तर सुमारे १२० ग्रॅम भरतो आणि पिठाच्या डब्यात कप खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. तीन कपांच्या पाककृतीत हा फरक ९० ग्रॅमचा होतो आणि तेवढ्यावर खुसखुशीत बिस्किटाचे कडक बिस्किट होऊ शकते. जुन्या वहीत परदेशी मापे असतील तर अधिक सावध राहावे. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम आणि एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. अमेरिकेतील कप सुमारे २४० मिलिलिटरचा आणि ऑस्ट्रेलियातील कप २५० मिलिलिटरचा असतो. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा धरतात, पण ऑस्ट्रेलियात तो २० मिलिलिटरचा असतो. ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे १८० अंश सेल्सिअस आणि ३२५ म्हणजे १६० ते १६५. पाककृती साध्या ओव्हनची असेल आणि आपल्याकडे पंख्याचा ओव्हन असेल, तर तापमान साधारण २० अंशांनी कमी ठेवावे.

वजनाबरोबर खुणाही लिहाव्यात. मिश्रणाचा रंग कसा झाला, चमच्यावरून ते धारेने पडले की गोळ्याने, कडा किती बदामी झाल्या, वास कधी सुटला, हे सगळे त्या माणसाला त्याच क्षणी विचारावे. नंतर विचारले तर ते सांगता येत नाही, कारण ते ज्ञान हाताला असते. शक्य असेल तर पाककृती त्यांच्याच अक्षरात लिहून घ्यावी किंवा त्या करत असताना ध्वनिचित्रमुद्रण करावे, आणि ते करताना चेहऱ्यापेक्षा हातांवर लक्ष ठेवावे.

कामे मागे कशी न्यावीत

सणाच्या दिवसापासून उलटे मोजत यावे. केकमध्ये घालायचा सुकामेवा रममध्ये भिजवायचा असेल तर तो सहा आठवडे आधी भिजवावा आणि केक चार आठवडे आधी भाजावा. बिस्किटांची कणीक तीन-चार आठवडे आधी मळून फ्रीझरमध्ये ठेवता येते. नीट गुंडाळलेली कणीक तीन महिन्यांपर्यंत चांगली राहते. डबे, बटर पेपर, चिठ्ठ्या आणि दोरा ही खरेदी दोन आठवडे आधी उरकावी. बिस्किटे प्रत्यक्ष भाजण्याचे काम शेवटच्या आठवड्यात ठेवावे आणि सणाच्या आदल्या दिवशी ओव्हन शक्यतो बंदच असावा.

सगळ्यांनी एकत्र येण्याचा दिवस म्हणजे लाटण्याचा, कापण्याचा आणि भाजण्याचा दिवस. मोजमाप आणि मळणे त्या दिवशी ठेवू नये. कणीक आधीच थंड तयार असेल तर मुले ताटकळत नाहीत आणि मोठ्यांचा आवाजही चढत नाही.

ओव्हनची ओळख करून घ्यावी

ओव्हनच्या बटणावर लिहिलेले तापमान आणि आतले तापमान यांत १० ते २० अंशांचा फरक असणे अगदी सामान्य आहे. आत ठेवायचा साधा तापमापक स्वस्त मिळतो आणि तो वजनकाट्याच्या खालोखाल उपयोगी असतो. कोणता कोपरा जास्त तापतो हे पाहण्यासाठी १८० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये ट्रेभर पावाचे काप मांडून काही मिनिटे ठेवावेत. जेथले काप आधी काळपट होतात तो कोपरा वहीत नोंदवावा आणि भाजताना अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवावा. ‘तापला’ असा दिवा लागला तरी भिंती पूर्ण तापायला वेळ लागतो, म्हणून ओव्हन २० मिनिटे आधी सुरू करणे बरे.

कामाची वाटणी

मुलांना ‘मदत’ करायला बोलावले तर ती दहा मिनिटांत निघून जातात. त्यांना एखादे काम पूर्णपणे सोपवले तर ती टिकतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला साच्याने आकार कापणे, साखर भुरभुरणे आणि बिस्किटे मोजणे जमते. सात-आठ वर्षांच्या मुलाला वजनकाटा द्यावा, कारण आकडा बरोबर ग्रॅमावर आणण्यात त्या वयाला खेळाची मजा येते. दहा-बारा वर्षांची मुले लाटू शकतात आणि घड्याळावर लक्ष ठेवू शकतात. गरम ट्रे काढणे मात्र मोठ्यांनीच करावे. आजी-आजोबांना उभे राहणे जमत नसेल, तर टेबलापाशी बसून सुकामेवा निवडणे, चिठ्ठ्या लिहिणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कणकेला बोट लावून ‘अजून थंड हवी’ असा निकाल देणे, हे काम त्यांचेच असावे. आवरण्याचे कामही वाटणीत धरावे. दरवर्षी भांडी घासणारी व्यक्ती एकच असेल, तर तिच्या मनात या परंपरेविषयी फारसे प्रेम उरत नाही.

दूर राहणाऱ्या भावंडांना तीच पाककृती आणि तोच दिवस कळवावा. प्रत्येकाने आपापल्या स्वयंपाकघरात व्हिडिओ कॉल लावून तीच बिस्किटे भाजली, तरी रीत एकच राहते.

एक सूचना येथेच देणे आवश्यक आहे. कच्ची कणीक चाखण्याची मुलांना भारी हौस असते, पण धोका फक्त कच्च्या अंड्याचा नसतो. कच्च्या मैद्यातही आजार निर्माण करणारे जिवाणू असू शकतात. अंडे नसलेली कणीकही भाजल्याशिवाय खाऊ देऊ नये आणि कणीक हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

कायमचा पदार्थ: बटर बिस्किटे

वर सांगितलेल्या सगळ्या अटींत बसणारे बिस्किट एका सोप्या प्रमाणावर उभे आहे: एक भाग साखर, दोन भाग बटर आणि तीन भाग मैदा. हे प्रमाण वजनात आहे आणि एकदा ऐकले की विसरत नाही, म्हणूनच ते पुढच्या पिढीकडे सहज जाते. १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर आणि ३०० ग्रॅम मैदा घेतल्यास पाच सेंटिमीटर व्यासाची सुमारे ४० बिस्किटे होतात. बिनमिठाचे बटर असेल तर पाव चहाचा चमचा मीठ घालावे. एक चहाचा चमचा व्हॅनिला इसेन्स ऐच्छिक आहे. यात अंडे नाही आणि बेकिंग पावडरही नाही. फुगवणारे काही नसल्यामुळे साच्याने कापलेल्या कडा भाजल्यावरही धारदार राहतात आणि चांदणीची चांदणीच बाहेर येते.

१. बटर फ्रिजमधून काढून मऊ होऊ द्यावे, पण वितळू देऊ नये. १८ ते २० अंशांचे बटर बोटाने दाबले तर खळगा पडतो, पण पृष्ठभाग तेलकट चमकत नाही. उन्हाळ्यात ही अवस्था काही मिनिटांतच निघून जाते, त्यामुळे तेव्हा लहान तुकडे करून लगेच कामाला लागावे.

२. बटर, चाळलेली पिठीसाखर आणि मीठ एकजीव होईपर्यंतच कालवावे. केकसाठी बटर आणि साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेटतात, कारण तेथे हवा भरायची असते. येथे जास्त हवा भरली तर बिस्किट ओव्हनमध्ये पसरते.

३. मैदा चाळून दोन हप्त्यांत घालावा आणि पीठ दिसेनासे झाले की थांबावे. पोळीच्या कणकेसारखे मळू नये. मैद्यातील प्रथिने पाणी आणि मळणे यांमुळे चिवट जाळे बनवतात. बटर त्या जाळ्यात अडथळा आणते आणि म्हणूनच बिस्किट खुसखुशीत होते. उगाच मळत राहिल्यास तो फायदा जातो.

४. मिश्रण कोरडे वाटले तरी दूध घालण्याची घाई करू नये. मुठीत दाबल्यावर गोळा जमत असेल तर ते बरोबर आहे. अगदीच जमत नसेल तर एक चहाचा चमचा दूध शिंपडावे.

५. गोळ्याचे दोन भाग करून प्रत्येक भाग दोन बटर पेपरांमध्ये ठेवून पाच-सहा मिलिमीटर जाडीचा लाटावा आणि मग थंड करावा. आधी गोळा थंड करून नंतर लाटण्याची पद्धत जास्त प्रचलित असली तरी ही पद्धत मला अधिक सोयीची वाटते, कारण दगडासारखा गोळा लाटण्याचे श्रम वाचतात आणि जास्तीचा मैदाही लागत नाही.

६. लाटलेल्या थाप्या किमान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. या वेळात बटर पुन्हा घट्ट होते आणि मैदा ओलावा शोषून घेतो. थंड थापीतून आकार कापून बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर मांडावेत. उरलेले तुकडे एकत्र करून एकदाच लाटावेत. त्यानंतर उरलेल्यांची वेडीवाकडी बिस्किटे घरच्यांसाठी.

७. १६५ अंशांवर १४ ते १८ मिनिटे भाजावीत. कडा फिकट बदामी दिसल्या आणि मधला भाग अजून पांढुरका असला की काढावीत. गरम बिस्किट मऊच लागते आणि पाहणाऱ्याला ते कच्चे वाटते. ते ट्रेमध्येच पाच मिनिटे राहिले की कडक होऊ लागते. नंतर जाळीवर काढून पूर्ण गार करावे.

एक ट्रे निघाल्यावर दुसरा घालताना ट्रे गार असावा. गरम ट्रेवर ठेवलेली कणीक ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच सैल होते आणि आकार पसरतात. हाताशी दोन ट्रे असतील तर हा प्रश्न राहत नाही.

या एका कणकेतून तीन-चार चवी काढता येतात: २५ ग्रॅम मैद्याच्या जागी तेवढाच कोको, एक चहाचा चमचा दालचिनीपूड, किंवा एका संत्र्याच्या सालीचा केवळ नारिंगी भाग किसून. सजावटीविषयी माझे मत थोडे कठोर आहे. रंगीत गोळ्या, चमकी आणि तीन रंगांचे आयसिंग एकाच बिस्किटावर आले की चव बटरची राहत नाही. १०० ग्रॅम पिठीसाखरेत एक मोठा चमचा पाणी किंवा लिंबाचा रस थेंबाथेंबाने कालवून दाट मिश्रण करावे, कागदाच्या शंकूतून त्याची एखादी रेघ ओढावी आणि रात्रभर उघड्यावर सुकू द्यावे. मुलांसाठी मात्र दहा-बारा बिस्किटे हवी तशी रंगवायला वेगळी ठेवावीत. त्या दहा-बारांना माझा नियम लागू नाही.

टिकाऊ पदार्थ: सुकामेव्याचा केक

हा केक १८ सेंटिमीटर व्यासाच्या, उंच कडांच्या गोल भांड्यात करावा. काळ्या मनुका, बेदाणे, चिरलेले जर्दाळू आणि अंजीर, मुरवलेली संत्र्याची साल असा एकूण ६०० ग्रॅम सुकामेवा घ्यावा आणि तो १५० मिलिलिटर रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात भिजवावा. रममध्ये तो बाहेर बंद बरणीत आठवडे राहतो. रसात भिजवलेला मात्र फ्रिजमध्येच ठेवावा आणि एका दिवसानंतर वापरावा. कोरडा सुकामेवा घातला तर तो केकमधले पाणी शोषून घेतो आणि केक भुगा होतो.

भांड्याच्या तळाला आणि कडांना बटर पेपरचे दोन थर लावावेत. भाजणे लांबते तेव्हा कडा करपू नयेत यासाठी ही तजवीज असते, म्हणून ती टाळू नये. १७५ ग्रॅम बटर आणि १७५ ग्रॅम ब्राऊन शुगर चार-पाच मिनिटे फेटावी. येथे हवा भरायची आहे. साखरेचे कण बटरमध्ये बारीक बुडबुडे तयार करतात आणि बेकिंग पावडर नंतर त्याच बुडबुड्यांना मोठे करते, नवे तयार करत नाही. तीन अंडी, जी सालीशिवाय सुमारे १५० ग्रॅम भरतात, खोलीच्या तापमानाला आणून एकेक करून घालावीत. थंड अंडी घातल्यास मिश्रण फाटल्यासारखे दिसते. तसे झाले तर एक मोठा चमचा मैदा घालून फेटावे. मग २०० ग्रॅम मैदा, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, दोन चहाचे चमचे दालचिनी, जायफळ आणि लवंग यांची पूड व चिमूटभर मीठ एकत्र चाळून हलक्या हाताने मिसळावे. शेवटी निथळलेला सुकामेवा आणि हवे असल्यास ७५ ग्रॅम अक्रोडाचे तुकडे घालावेत. हे मिश्रण इतके घट्ट असते की सुकामेवा तळाला बसण्याची भीती राहत नाही. पातळ केकमध्ये तो बसतो, तेव्हा त्याला आधी थोडा मैदा चोळतात.

१५० अंशांवर दोन ते अडीच तास भाजावे. दीड तासानंतर वरचा भाग गडद होऊ लागला तर त्यावर फॉइल सैल ठेवावी. मधोमध खुपसलेली काडी कोरडी आली की झाला, पण काडीला मऊ मनुका चिकटली तर फसगत होते, म्हणून दोन ठिकाणी तपासावे. अन्नाचा तापमापक असेल तर आतले तापमान ९५ अंशांच्या आसपास यायला हवे. केक भांड्यातच गार होऊ द्यावा.

रमचा केक बटर पेपर आणि फॉइलमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावा आणि आठवड्यातून एकदा वरून एक मोठा चमचा रम पाजावी. चार आठवड्यांत चवी एकमेकींत मुरतात. रसाचा केक मुरवण्याच्या भानगडीत पडू नये. तो सणाच्या तीन-चार दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि उरलेला काप करून फ्रीझ करावा. भाजल्याने सगळे मद्य उडून जाते हा समज चुकीचा आहे आणि नंतर पाजलेली रम तर जशीच्या तशी राहते. त्यामुळे मुलांसाठी, गर्भवतींसाठी आणि मद्य टाळणाऱ्यांसाठी वेगळा केक करून त्यावर तसे स्पष्ट लिहावे.

कोणाला काय चालत नाही

बर्मिंगहॅममधील रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. त्यांनी १८३७ मध्ये पत्नीसाठी अंड्याशिवायची कस्टर्ड पावडर तयार केली आणि १८४३ मध्ये तिला पाव खाता यावा म्हणून यीस्टशिवाय पीठ फुगवणारी बेकिंग पावडर केली. आज आपण ज्या डब्यातून सहज चमचाभर पावडर काढतो, तिच्या मुळाशी एका माणसाच्या ताटाची काळजी आहे. सणाच्या डब्यांतही हाच विचार सर्वांत आधी यावा. द्यायच्या माणसांची यादी करताना प्रत्येकाच्या नावापुढे काय चालत नाही ते लिहावे आणि शंका असेल तर सरळ विचारावे. विचारण्यात संकोच वाटतो, पण ज्याला वर्षानुवर्षे प्रत्येक डबा नाकारावा लागला आहे, त्याला त्या प्रश्नाचेच अप्रूप असते.

अंडे टाळायचे असेल तर एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठ्या चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून वापरावी, किंवा साध्या केकसाठी ६० मिलिलिटर दही घ्यावे. दूध चालत नसेल तर बिस्किटांसाठी घट्ट वनस्पतिजन्य बटर लागेल. तेलाने ती जमत नाहीत, कारण त्यांचा सगळा पोत घट्ट स्निग्धावर उभा असतो. केकमध्ये तेल चालते, पण बटरमध्ये स्निग्धांश सुमारे ८० टक्केच असल्यामुळे १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तेल आणि थोडे द्रव घ्यावे. गव्हाचे वावडे गंभीर असेल तर केवळ पीठ बदलून भागत नाही. चाळणी, लाकडी लाटणे आणि पाट यांत जुना मैदा अडकलेला असतो, म्हणून वेगळी साधने आणि धुतलेला ओटा हवा आणि ते काम त्या दिवशी सर्वांत आधी उरकावे. शेंगदाणे किंवा सुकामेवा यांच्या अॅलर्जीलाही हाच क्रम लावावा. पाच वर्षांखालील मुलांच्या डब्यात अख्खे बदाम-अक्रोड ठेवू नयेत, कारण ते घशात अडकू शकतात, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध घातलेले काहीही देऊ नये.

साखर कमी हवी असणाऱ्यांसाठी केकमधील साखर दहा टक्के कमी केली तर फारसे बिघडत नाही. बिस्किटात मात्र साखर खुसखुशीतपणाही देते, त्यामुळे तेथे साखर कमी करण्यापेक्षा बिस्किटे लहान कापणे आणि डबा लहान देणे हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

बिघडले तर

बिस्किटे पसरली असतील तर बटर फार मऊ होते किंवा ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता. उरलेली थापी १५ मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवून पुढचा ट्रे घालावा. कडक झाली असतील तर मैदा जास्त पडला किंवा मळणे जास्त झाले. केक मध्ये खचला असेल तर बहुतेक वेळा तो आतून कच्चा असताना दार उघडले गेले असते किंवा बेकिंग पावडर जास्त पडली असते. बेकिंग पावडर जुनी असल्याची शंका आली तर एक चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. ती जोरात फसफसली नाही तर नवी आणावी. खाण्याचा सोडा मात्र असा तपासायचा असेल तर पाण्याऐवजी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागते, कारण त्याला आम्लाशिवाय फुगा येत नाही आणि म्हणूनच पाककृतीत दोन्ही एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

डबे भरणे आणि पाठवणे

थोडेसे कोमट बिस्किटही डब्यात बंद केले तर वाफ आतच धरते आणि सकाळी सगळा डबा मऊ पडलेला असतो, म्हणून भाजल्यावर किमान दोन तास थांबावे. कुरकुरीत आणि मऊ पदार्थ एका डब्यात ठेवू नयेत. केकचा ओलावा बिस्किटात जातो आणि दोन्ही बिघडतात. तीव्र मसाल्यांचा पदार्थही वेगळा ठेवावा. बटर बिस्किटे हवाबंद डब्यात दोन आठवडे चांगली राहतात.

कुरियरने पाठवायचे असेल तर जाड, लहान आणि कोपरे नसलेले आकार निवडावेत. चांदणीची टोके प्रवासात हमखास मोडतात. दोन-दोन बिस्किटे पाठीला पाठ लावून गुंडाळावीत, डब्यात उभी रचावीत आणि हलवल्यावर आवाज येणार नाही इतका कागद भरावा. आयसिंग लावलेली पाठवू नयेत. दाट केक प्रवासाला सर्वांत चांगला. डब्यावरच्या चिठ्ठीत पदार्थाचे नाव, भाजल्याची तारीख, किती दिवसांत संपवावे आणि मैदा, दूध, अंडे, सुकामेवा, तीळ, सोया यांपैकी आत काय आहे, हे लिहावे. नेहमीच्या शुभेच्छांऐवजी त्या माणसाविषयी एक खरे वाक्य लिहावे: ‘संत्र्याची साल तुमच्यासाठी जास्त घातली आहे’ एवढेही पुरते.

वहीतील नोंद

सण झाल्यावर आठवडाभरात, आठवणी ताज्या असताना, सगळ्यांनी बसून त्या वर्षाचे पान भरावे. किती डबे दिले आणि कोणाला, कोणता पदार्थ आधी संपला आणि कोणता उरला, किती बटर आणि मैदा लागला, ओव्हनचे कोणते तापमान जमले, नव्या पदार्थाची निवड कोणाची होती आणि पुढच्या वर्षी ती कोणाकडे आहे, एवढे मुद्दे पुरेत. पाककृतीत बदल केला असेल तर जुने प्रमाण खोडू नये. त्याच्या शेजारी नवे प्रमाण, वर्ष आणि बदलणाऱ्याचे नाव लिहावे. वहीचे छायाचित्र घरातल्या प्रत्येकाकडे असावे आणि मूळ वही दरवर्षी वेगळ्या घरी राहावी, म्हणजे पुढच्या वर्षी दिवस ठरवण्याचा पहिला फोन तिच्याकडूनच येईल, जिच्या कपाटात ती वही आहे.